फिका चहा

आमच्या घरात चहाचं पातेलं चुलीवर चढायच्या आधी साखरेचा डबा उघडला जायचा. माय डब्यात मूठ घालायची. पितळेचा चमचा होता, चांगला लखलखीत, पण तो पाहुण्यांना दाखवायला. दूध नसलं तर तिला चालायचं. पत्ती कमी असली तरी चालायचं. साखर कमी पडली तर मात्र ती चुलीतलं लाकूड मागं ओढायची आणि वाटी घेऊन शेजारी जायची. "गोड हाय का बघा," म्हणत कपबशी पुढं सरकवायची. समोरचा माणूस "लई गोड हाय, माय" म्हणाला की मग कुठं भिंतीला टेकून बसायची.

त्या डब्याचा मला राग आहे. तिला जाऊन इतकी वर्षं झाली, माझे केस पिकले, पेन्शन सुरू झाली, तरी राग आहे. डबा माझ्याच फळीवर आहे. फेकवत नाही.

आमचं गाव बसवकल्याण तालुक्यात, कोहिनूर गावाहून चालत जावं इतक्या अंतरावर. घरात मराठी, बाजारात कन्नड, कचेरीत समोरचा जी बोलेल ती. माझे वडील, त्यांना मी अप्पा म्हणायची, लाल दगडाच्या खाणीवर दगड काढायचे. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवयांपासून नखांपर्यंत लाल झालेले असायचे. मी त्यांची एकटीच. माझ्याआधी दोघं झाली होती, ती राहिली नाहीत.

मायचा हा साखरेचा हट्ट कुठून आला ते सांगते. माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट, पण इतक्या वेळा ऐकलीय की डोळ्यानं बघितल्यासारखी वाटते. गावात एकच हाटेल होतं. आमच्या वस्तीतल्या माणसांचे कप हाटेलच्या मागच्या भिंतीला, खिळ्यांवर टांगलेले असायचे, कान तुटलेले. आपला कप आपण काढायचा, आपणच विसळायचा, आणि लांब धरायचा. हाटेलवाला वरून चहा ओतायचा. आत बसणाऱ्यांच्या कपात तो साखर घालून चमच्यानं ढवळून द्यायचा. बाहेरच्या कपात चमचा घातला तर चमचा बाटणार, म्हणून बाहेरच्यांना साखरच नाही. अप्पा खाणीवरून येता येता तो चहा प्यायचे आणि घरी येऊन अवाक्षर बोलायचे नाहीत. माय नवीन नवरी होती. एक दिवस तिनं लांबून ते बघितलं. घरी आल्यावर ती अप्पांवर अशी पिसाळली की शेजारच्या बाया धावत आल्या.

"जित्तेपणी मेल्याचा चहा पिऊन यायलात व्हय तुमी? कपाळ पुसायचंय का माझं?"

मेल्याचा चहा म्हणजे काय, हे आमच्या भागाबाहेरच्या माणसाला सांगायला पाहिजे. आमच्याकडं घरात माणूस गेलं की दहा दिवस गोड शिजत नाही आणि चहात साखर पडत नाही. गूळही नाही. काळा, फिका चहा. भेटायला येणाराही तोच पितो. दहाव्या दिवशी घरातल्या बाईच्या माहेरचा माणूस, शक्यतो भाऊ, साखर घेऊन येतो, तिच्या तोंडात चिमूटभर घालतो, आणि दुखवटा उठतो. त्याच्या आधी गोड नाही. आणि दुखवटा नसताना कुणी फिका चहा तोंडाला लावत नाही. कुणाच्या घरी साखर कमी पडली तर पाहुणा पहिलं हेच विचारतो, "काय गं, कोण मेलंय का घरात?" हसत विचारतो, पण कप खाली ठेवतो.

त्या दिवसापासून अप्पांचं हाटेल बंद. पुढं म्हैसूर राज्य झालं, त्या सुमाराला आमच्या वस्तीनं धम्म घेतला. देव्हाऱ्यातले टाक मायनं स्वतःच्या हातानं नदीत सोडले. उपास सोडले, नवस सोडले, अंगात येणाऱ्या आपल्या आत्याला "गप बस" म्हणाली. आणि हैदराबादला जाणाऱ्या कुणाकडून तरी सहा कपबश्या मागवल्या, निळ्या फुलांच्या, सगळ्यांना कान असलेल्या. माझ्या दारात येईल त्याला या कपात साखरेचा चहा, असं तिनं ठरवून टाकलं. रेशनची साखर आमच्या घरी पंधरा दिवस टिकायची नाही. ती मग कुणाच्या शेतात खुरपायला जायची, पण डबा रिकामा ठेवायची नाही. त्या हाटेलवाल्याचा मुलगा पुढं मतं मागायला आमच्या दारात आला. त्यालाही तिनं दोन मुठी घालून चहा पाजला. "पी बाबा पोटभर," म्हणाली, "आमच्यात चमचा बाटत न्हाई." तो मान खाली घालून प्यायला. अप्पा त्या दिवशी पोट धरून हसले.

अशी बाई होती. आता तिच्या हातातला कप मी काढून घ्यायचा म्हणजे काय करायचं, सांगा.

तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मामा, त्याचं कल्याणच्या, म्हणजे बसवकल्याणच्या, बसस्टँडजवळ सोड्याचं दुकान होतं. गोळीचा सोडा. बाटलीच्या गळ्यात काचेची गोळी अडकलेली असते, ती अंगठ्यानं दाबली की फस्स करून फेस वर येतो. मामाचा लाल सोडा प्रसिद्ध होता. लाल म्हणजे काय, रंग आणि साखरेचा पाक, दुसरं काय असणार. पण लग्नात, बारशात, पाहुणे आले, जावई रुसला, की मामाची पेटी बैलगाडीत घालून न्यायचे लोक. मामा आमच्याकडं आला की पिशवीत अर्धा डझन बाटल्या खुळखुळत यायच्या. माय एकामागं एक दोन प्यायची, ढेकर द्यायची आणि म्हणायची, "अण्णा, तुज्या हाताला गोडी हाय." तो तिच्यापेक्षा लहान, तरी ती त्याला अण्णाच म्हणायची. तो तिला अक्का म्हणायचा.

राज्याचं नाव बदलून कर्नाटक झालं तेव्हा मी गुलबर्ग्याला नर्सच्या ट्रेनिंगला होते. पास झाले आणि गावापासून चार मैलांवरच्या सरकारी दवाखान्यात नेमणूक मिळाली. लग्न जमता जमता राहिलं, त्याचं मला फार वाईट वाटलं नाही. पांढरी साडी नेसून मी गावातून निघाले की माय दारात उभी राहायची आणि ज्याला-त्याला सांगायची, "नर्सबाई ड्युटीवर चालल्यात." स्वतःच्या पोरीला अहोजाहो! मी चिडायची. तिला त्याचीच मजा वाटायची.

आजार मला मुंग्यांनी दाखवला. आमच्या न्हाणीच्या दगडावर मुंग्यांची रांग लागायला लागली. माय राख टाकायची, रॉकेल टाकायची, मुंग्यांच्या सात पिढ्या उद्धरायची. "काय हाय इथं मेल्यांनो, लाडू सांडलेत का?" मी दोन दिवस ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी मला ट्रेनिंगमधलं आठवलं, लघवीत साखर उतरली की मुंग्या लागतात. तिला लघवीला फार जावं लागायचं, तहान लागायची, आणि तहान लागली की ती पाणी नाही, चहा प्यायची. मी दवाखान्यातून काचेची नळी, निळं औषध आणि स्पिरिटचा दिवा घरी आणला. निळ्या औषधात तिच्या लघवीचे आठ थेंब टाकून नळी दिव्यावर धरली. साखर नसली तर ते निळंच राहतं. थोडी असली तर हिरवं, मग पिवळं. मायचं विटेसारखं लाल झालं. खाणीतल्या दगडाच्या रंगाचं. अप्पा शेजारी बसले होते. "हे चांगलं हाय का वंगाळ?" त्यांनी विचारलं. मी दिवा विझवला.

बीदरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हातारे होते, शांत. गोळ्या लिहून दिल्या आणि मला म्हणाले, तुम्ही नर्स आहात, तुम्हाला काय सांगायचं, साखर बंद, आणि पायाला जपा. बसमध्ये माय खूश होती. गोळ्या मिळाल्या म्हणजे बरं होणार. तेलकट सोडते म्हणाली, भात सोडते म्हणाली. सणाची पुरणाची पोळी सोडली खरंच. मामाचा सोडा सोडला. मी मनात म्हटलं, जिंकलं आपण.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यापुढं बिनसाखरेचा चहा ठेवला. तिनं घोट घेतला आणि कप जमिनीवर ठेवला.

"ह्यात साखर न्हाई."

"न्हाईच घालायची आता. डॉक्टर काय म्हणले?"

"तुजा बाप जित्ता हाय अजून," माय म्हणाली, आणि उठून गेली.

तिथून आमचं जे सुरू झालं ते चार वर्षं चाललं. मी समजावलं, ओरडले, रडले. चहाच सोड म्हटलं, तर म्हणाली, पाहुण्याच्या पुढं मी मोकळी बसू का? एकदा अप्पांनी तिची समजूत घालायला स्वतःसाठी फिका चहा मागितला. "मीबी पितो तुझ्यासंगं, मग तर झालं?" त्यांनी कप उचलला न उचलला तोच मायनं हाताचा असा फटका मारला की कप चुलीवर जाऊन फुटला. सहातला एक. अप्पांचा हात भाजला. माय त्यांच्या हाताला लोणी लावत रडत होती आणि मला शिव्या देत होती.

"आपण सगळं सोडलं की नाही?" मी तिला विचारलं. "देव नदीत सोडलेस ना? मग हे कामून धरून बसलीस?"

"देव सोडले," माय म्हणाली. "नवरा न्हाई सोडला."

हैदराबादहून साखरेच्या बदल्यात घालायच्या गोळ्या मागवल्या. गुपचूप तिच्या चहात टाकल्या. दोन दिवस प्यायली. तिसऱ्या दिवशी जिभेवर कडवट लागलं म्हणून तिनं माझी पर्स उपसली आणि बाटली माझ्यापुढं आपटली. "मरणाला फसवायलीस व्हय?" शेवटी मी साखरेच्या डब्याला पेटीत घालून कुलूप लावलं. आग लागो माझ्या अकलेला! माय शेजारी जाऊन प्यायला लागली. शेजारणी कळवळून तिच्या चहात जास्तच साखर टाकायच्या. आठवड्याभरात गावात झालं, नर्सबाई आईला मेल्याचा चहा पाजायलीय, बापाच्या मरणावर टपलीय. विहिरीवर बाया मला बघून गप्प व्हायच्या. मी कुलूप काढलं.

मग पायाला लागलं. खाणीवर अप्पांची भाकरी घेऊन गेली होती, दगडाची चीप टाचेत घुसली. तिला कळलंसुद्धा नाही. चपलेत रक्त दिसलं तेव्हा कळलं. ती जखम भरेना. मी रोज सकाळ-संध्याकाळ धुवायची, पट्टी करायची. जखम आधी चार आण्याएवढी होती, मग रुपयाएवढी झाली. मला माहीत होतं पुढं काय असतं. ट्रेनिंगमध्ये मी ते पाय बघितले होते, काळे पडलेले. रोज पट्टी सोडताना मी आधी वास घ्यायची.

आणि मग अप्पाच गेले. खाणीवर दुपारी सावलीला बसले, कुणाला तरी पाणी मागितलं, पाणी येईपर्यंत संपलं होतं. त्यांना घरी आणलं तेव्हा ते लालच होते. मायनं त्यांचं तोंड पदरानं पुसलं. ती रडत नव्हती. ती नुसती पुसत होती, कपाळ, भुवया, कानांमागं, पुन्हा कपाळ.

त्या दिवसापासून घरात फिका चहा. मी केला, मायनं हातात घेतला आणि प्यायली. दहा दिवस ती फिका प्यायली, दिवसातून चार-चार कप. घास-दोन घास भाकरी. कुठं उठणं नाही, चालणं नाही. मी पट्टी करतच होते. पाचव्या दिवशी जखमेच्या कडा गुलाबी दिसल्या. मला वाटलं, डोळ्यांना भास होतोय. सहाव्या दिवशी ओल कमी. आठव्या दिवशी मी नळी काढली, दिवा पेटवला. निळ्याचं हिरवं झालं. नुसतं हिरवं. चार वर्षांत मी तिच्या नळीत हिरवा रंग बघितला नव्हता.

मी हसले. बाप जाऊन आठ दिवस झाले होते, बाहेर ओसरीवर माणसं बसली होती, आणि मी न्हाणीत नळी हातात धरून हसत होते. मग मला माझीच शरम वाटली आणि मी तिथंच बसून अप्पांसाठी पहिल्यांदा पोटभर रडले.

नवव्या दिवशी मी कल्याणला मामाकडं गेले. दुकानात गर्दी होती. मी त्याला आडोशाला बोलावलं.

"मामा, उद्या तुमी येऊ नका."

तो माझ्याकडं बघतच राहिला. "माज्या अक्काचा दुखवटा मी उठवायचा न्हाई? मी जित्ता असताना? गाव म्हणंल, भाऊ मेला का हिचा."

मी त्याला सगळं सांगितलं. पाय, नळी, हिरवा रंग. तो अडाणी होता, पण ऐकून घेतलं त्यानं. मग म्हणाला, "एक चिमूट घालतो. सोडा आणत न्हाई, पेढे आणत न्हाई. चिमूटभर साखर तोंडाला लावतो अन् उठतो. तेवढ्यानं काय होतंय?" मी म्हटलं, ठीक आहे. चिमटीनं काय होणार. मी नर्स होते, मला हिशेब कळत होता. एका चिमटीनं खरंच काही होत नाही.

दहाव्या दिवशी जलदान झालं, वंदना झाली. धम्मातले हे विधी आटोपले तरी भावकी, शेजारी, सगळी वस्ती अंगणात बसली होती. मामा पुढं आला, कागदाची पुडी सोडली, चिमूट घेतली आणि मायच्या तोंडासमोर हात नेला. "अक्का, तोंड उघड."

मायनं तोंड उघडलं नाही.

"नगं अण्णा," ती म्हणाली. "ज्यांच्यासाठी गोड पीत हुते ते गेले. आता मला फिकाच बरा."

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. चार वर्षं मी डोकं आपटलं आणि आता ती आपल्या तोंडानं म्हणत होती. मामाचा हात हवेत तसाच होता. बायांमध्ये कुजबुज सुरू झाली. एक म्हातारी म्हणाली, असं करू नये, दुखवटा घरावर राहतो. दुसरी म्हणाली, भावाचा हात मागं लावायलीय, बघा. आणि मागून कुणीतरी, आवाज मला अजून ओळखू येतो पण नाव सांगणार नाही, म्हणालं, "नर्सबाईनं शिकवलं असंल. साखर वाचंल तिची."

मामाच्या डोळ्यांत पाणी आलं. माय माझ्याकडं वळली. पदराखालून माझ्याकडं बघितलं तिनं, लहान पोर बघतं तसं.

"तू सांग," ती म्हणाली. "तू म्हणशील तसं करते."

आयुष्यात पहिल्यांदा ती मला विचारत होती. तिचा पाय वाचवणं माझ्या हातात होतं. एक शब्द बोलायचा होता: नको. "नको घेऊ, माय." एवढंच. मी बोलले असते तर लोक चार दिवस बोलले असते, मामा रुसला असता, पुढं कधीतरी त्याची समजूत निघाली असती.

"घे, माय," मी म्हणाले. "घे की. लोक बघायलेत."

लोक बघायलेत! चार वर्षं लोकांच्या बोलण्याला भीक न घालणारी मी. कुलपावरून गावाच्या शिव्या खाल्लेली मी. नेमक्या त्या दिवशी माझा धीर सुटला. मायनं तोंड उघडलं. मामानं चिमूट घातली. बायांनी सुस्कारा सोडला आणि कुणीतरी चुलीवर मोठं पातेलं चढवलं, साखरेचा चहा सगळ्यांना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर माय चुलीपुढं बसली होती आणि तिची मूठ डब्यात होती.

"आता कशाला, माय?" मी म्हटलं. "आता तर अप्पा न्हाईत."

"दुखवटा उठला की," ती म्हणाली. "माझा भाऊ जित्ता हाय. तू हायस. फिका पिऊ तर कोणासाठी पिऊ?"

तिचं काही चुकलं नव्हतं. दुखवट्यात राहू का, असं तिनं मला विचारलं होतं. राहू नकोस, असं मीच सगळ्यांसमोर सांगितलं होतं. आता मी कुठल्या तोंडानं पुन्हा सांगणार?

अप्पा गेल्यावर तिला करण्यासारखं काही उरलं नाही. येईल त्याला चहा करायची आणि त्याच्याबरोबर प्यायची. दिवसभर तेच. पट्टी सोडताना एक दिवस मला तो वास आला. अंगठा काळा पडला होता.

बीदरला गुडघ्याखाली पाय काढला. डॉक्टरांनी जेवढं करता येईल तेवढं केलं, मी ते डोळ्यानं बघितलंय. पण ताप उतरेना. मी रजा टाकून तिच्या खाटेपाशी जमिनीवर सतरंजी टाकून होते. ती कधी शुद्धीत असायची, कधी नसायची. एकदा पाय जिथं नव्हता तिथं हात फिरवून म्हणाली, "मुंग्या आल्या बघ."

शेवटच्या दिवशी दुपारी मामा आला. पिशवीत एकच बाटली होती, लाल सोड्याची, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. मला बघून त्यानं ती पाठीमागं धरली. मायनं ओळखलं. "अण्णा," म्हणाली, आणि मग माझ्याकडं बघून, "आता तरी देशील का गं?"

मी मामाच्या हातातून बाटली घेतली. मीच अंगठ्यानं गोळी दाबली. फेस माझ्या मनगटावर सांडला. तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि घोट घोट पाजलं. दोन घोट गेले. तिसरा तिनं तोंडातच धरला, मोठ्या कष्टानं गिळला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"फिका लागायलाय," माय म्हणाली. "साखर घातली न्हाईस का अण्णा? कोण मेलंय का?"

मामा बाहेर पळाला. व्हरांड्यातून त्याचं रडणं ऐकू येत होतं. मी तिला म्हटलं, कोणी मेलं नाही, माय, सगळे आहेत. तिनं मान हलवली. दिवस मावळायच्या आत ती गेली.

दहाव्या दिवशी जलदान झालं, वंदना झाली. मामा माझ्यापुढं येऊन बसला. मला भाऊ नव्हता, मायच्या माहेरचं माणूस म्हणजे तोच. पुडी सोडली, चिमूट घेतली. त्या वेळी होत्या त्याच बाया अंगणात होत्या. सगळे बघत होते. मी तोंड फिरवलं.

"घे, पोरी," मामा म्हणाला.

मी दात दाबून धरले. त्याच्या चिमटीतली साखर जमिनीवर पडली. कोण काय बोललं ते मी ऐकलं नाही. आता ऐकलं असतं तरी काही फरक पडला नसता, आणि हेच मला त्या दिवशी जमलं असतं तर, असं मनात आलं.

मी नोकरी करत राहिले. वस्त्या, तांडे, गावं, दारोदार फिरले. बायांना सांगत राहिले, साखर कमी करा, पोरांना रंगाचं पाणी पाजू नका, पायाला जपा. त्या "व्हय व्हय" म्हणायच्या आणि माझ्यासाठी चहा टाकायच्या. आदरानं दोन चमचे जास्त. मामा थकल्यावर वर्षातून एकदा यायचा, ओसरीवर बसायचा. मी त्याला गोड चहा द्यायची आणि माझा वेगळा घ्यायची. तो माझ्या कपाकडं बघायचा. "अजून?" म्हणायचा. मी म्हणायची, "अजून." तो आपला चहा संपवायचा, कप विसळून ठेवायचा आणि बस पकडायला जायचा. तोही गेला आता. दुखवटा उठवणारं माझं कोणी उरलं नाही.

कुणाच्याही घरी गेले की मी आधीच सांगते, माझ्या चहात साखर नको. नव्या सुना आहेत आता, त्यांना जुनं काही माहीत नाही. त्या म्हणतात, "कामून हो मावशी, शुगर हाय का तुमाला?"

दर वर्षी मी तपासते. मला साखर नाही. एकदाही निघाली नाही.

"व्हय," मी म्हणते. "आईकडून आलीय."